सासऱ्यांच्या नावावर टाकलेला सरडा

आमच्या घरातला सरडा माझ्यामुळे मेला. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि ज्यांच्या नावावर ते मरण लागलं त्या माझ्या सासऱ्यांना तर नाहीच. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

एका सरड्यापायी माणूस इतकी वर्षं मनात कुढतो का, असं कुणाला वाटेल. सरड्याचं दुःख मलाही फार दिवस पुरलं नाही. पण माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती, आणि तिला आजोबांचा सहवास मिळाला तो तेवढ्या एका मुक्कामापुरता. त्या मुक्कामातलं तिनं काय लक्षात ठेवलं, तर आजोबांनी माझा सरडा मारला. तिच्या मनात ते पक्कं बसलं, आणि मी ते बसू दिलं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. आम्ही अमेरिकेत एडिसनला एका भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो. मी सकाळच्या गाडीनं ऑफिसला जाई, बायको एका लॅबमध्ये नोकरी करी. अकोल्याकडचा एक विद्यार्थी जवळच्या युनिव्हर्सिटीत प्राणिशास्त्रात पीएच.डी. करत होता. शनिवारी तो आमच्याकडे वरणभात खायला येई आणि जाताना उरलेली भाजी डब्यात घालून नेई. त्याला टेक्ससला काम मिळालं, तेव्हा उन्हाळ्याच्या तोंडावर एका शनिवारी तो काचेची पेटी छातीशी धरून जिना चढून वर आला. पेटीत एका फांदीला धरून सरडा बसला होता. हिरवा, तळहाताहून थोडा मोठा, नाकाडावर तीन शिंगं, आणि दोन डोळे दोन दिशांना फिरणारे.

"वहिनी, मला याला बरोबर नाही नेता येत. तुमच्या लेकीला प्राणी हवाच होता ना?"

"कुत्रा हवा होता तिला," बायको म्हणाली.

"कुत्र्यापेक्षा हा बरा. भुंकत नाही, केस गळत नाहीत, फिरवून आणायला नको."

"आणि खातो काय?"

"ते मी दादांना सांगतो," तो म्हणाला आणि मला गॅलरीत घेऊन गेला.

तो खायचा जिवंत रातकिडे. पाळीव प्राण्यांच्या दुकानात खोक्यातून मिळायचे. आम्ही घरात अंडंही न आणणारी माणसं. मी गॅलरीत उभा राहून ऐकत होतो आणि बायकोला हे कुठल्या शब्दांत सांगावं याचा विचार करत होतो. विद्यार्थी मात्र मन लावून सांगत होता. काचेची पेटी तात्पुरती आहे, तिच्यात हवा कोंडते. याला उंच पिंजरा हवा, चारी बाजूंनी जाळी हवी. आत आडव्यातिडव्या फांद्या, एक जिवंत झाड, मनी प्लांट चालेल. वर एका कोपऱ्यात दिवा, म्हणजे ऊब हवी तेव्हा तो दिव्याखाली येईल आणि नको तेव्हा लांब जाईल. रात्री गारवा चालतो. वाटीत पाणी ठेवून उपयोग नाही, साचलेलं पाणी याला दिसतच नाही. पानावरून थेंब ओघळला तरच पितो. तेव्हा प्लॅस्टिकच्या पेल्याला सुईनं भोक पाडून तो पिंजऱ्यावर ठेवायचा. रातकिड्यांना कॅल्शियमची पांढरी पावडर लावून मग सोडायचे. हातात घेऊन खेळवायचं नाही.

शेवटची गोष्ट त्यानं दोनदा सांगितली. घरात झुरळांचा स्प्रे मारायचा नाही. "त्याच्यापासून लांब मारला तरी नाही, दादा. किडा त्यावरून चालला आणि यानं तो खाल्ला, की संपलं."

मी मान डोलावली. दोन्ही वेळा.

मुलीनं सरड्याला एक इंग्रजी नाव दिलं. ते मी इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. पहिल्या दिवशी तिनं त्याच्यासमोर बसून शाळेतला सगळा दिवस त्याला सांगितला. आम्हाला ती "फाइन" यापलीकडे काही सांगत नसे.

त्याच महिन्यात सासरे भारतातून आले. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती, घरात एकटे होते, म्हणून बायकोनं आग्रह करून सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं. माझं आणि त्यांचं नातं सरळ नव्हतं. आमचं लग्न ठरवण्याआधी ते कुणालाही न सांगता माझ्या पुण्यातल्या ऑफिसात येऊन गेले होते. कॅन्टीनमध्ये चहा पीत बसले आणि तिथल्या शिपायाला विचारलं, हा मुलगा कसा, पितो का, वेळेवर येतो का, खोटं बोलतो का. स्थळाची अशी चौकशी तेव्हा सगळेच करत. माझ्या वडिलांनीही माझ्या बहिणीच्या वेळी केली होती. पण शिपायानं ती मला वर्षभरानं हसत हसत सांगितली, आणि त्यातलं शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. खोटं बोलतो का. पुढे त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं तरी मला वाटे, यांची चौकशी अजून चालू आहे. मी त्यांना चारचौघांत 'बाबा' म्हणे. दोघंच असलो की काहीच म्हणत नसे. ते मला 'जावईबापू' म्हणत, आणि त्यात मान किती आणि चिमटा किती हे मला कधी कळलं नाही.

त्यांना पिंजरा दाखवायचा म्हणून नव्हे, पण ते आल्यावर मी पिंजरा बांधायला घेतला हे खरं. लाकडाच्या वखारीतून पट्ट्या आणल्या, खिडकीला लावतात ती जाळी आणली, बिजागऱ्या, छोटी कडी. गॅलरीत तीन शनिवार-रविवार मी करवत चालवली. सासरे खुर्ची टाकून बसत आणि टेपचं दुसरं टोक धरत. काही बोलत नसत. एकदा फक्त म्हणाले, "दार खालच्या बाजूला का ठेवलंत?"

"खालून साफ करायला बरं."

"खाली दार असलं तर किडे उडी मारून बाहेर येतील."

मी दार खालीच ठेवलं. त्यांनी सांगितलं म्हणून वर नेणं मला जमण्यासारखं नव्हतं. पण पिंजरा झाला तो नेटका. माझ्या कमरेहून उंच, कोपरे घासून गुळगुळीत केलेले, आत सुकलेल्या फांद्या, मधोमध मनी प्लांटची कुंडी, वर दिवा आणि ठिबकणारा पेला. हॉलमध्ये गॅलरीच्या काचेच्या दाराशी तो उभा केला. सरड्यानं एक पाय उचलला, हवेत धरला, विचार केल्यासारखा पुढच्या फांदीवर ठेवला, आणि थोड्या वेळानं पानावरचा थेंब टिपला. मुलगी टाळ्या वाजवायला लागली आणि मग स्वतःच तोंडावर बोट ठेवून गप्प झाली, तो घाबरेल म्हणून. मुलीनं माझ्याकडे इतक्या कौतुकानं पाहिल्याचं मला दुसरं आठवत नाही.

सासरे म्हणाले, "आमच्याकडे याला घोयरा म्हणतात. झाडावर दिसला की पोरं दगड मारायची. विषारी असतो म्हणायची."

"ही इज नॉट पॉयझनस, आजोबा!"

"नाही गं. मी कुठं म्हणतो? पोरं म्हणायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो, तर पिंजऱ्यासमोर स्टीलच्या वाटीत पाणी ठेवलेलं. मी ते उचलून ओतून टाकलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा वाटी.

"तो वाटीतलं पीत नाही," मी बायकोला म्हणालो. "सांग त्यांना."

"राहू दे ना. त्याचं काय बिघडतं?"

"माझं सगळं एकदा नीट लावून झालेलं आहे."

"तुझं," ती म्हणाली. वडील समोर नसले की ती मला अरेतुरे करी.

मग चातुर्मास लागला. सासऱ्यांनी कांदा, लसूण, वांगं सोडलं. सासूबाई गेल्यापासून त्यांनी आपल्या हातून जीव मारायचा नाही असं ठरवलं होतं. अंगावर बसलेला डाससुद्धा ते फुंकर मारून उडवत. आणि याच घरात मी रोज ऑफिसातून आल्यावर खोक्यातून रातकिडे काढी, प्लॅस्टिकच्या पिशवीत पावडर घालून हलवी, आणि पांढरे झालेले ते जीव पिंजऱ्यात सोडी. सरडा एक डोळा त्यांच्याकडे वळवी, मग दुसरा, तोंड किंचित उघडे, आणि त्याच्या अंगाहून लांब ती जीभ जाऊन परत आलेली असे. सासरे हे पाहत बसत. एकदा म्हणाले, "काय हो जावईबापू, हे रोज तुम्ही करता?"

"कुणीतरी करायलाच हवं."

"हं."

त्या 'हं'चा मी बरेच दिवस अर्थ लावत होतो.

तेवढ्यात रातकिडे कमी व्हायला लागले. खोकं मी कोट ठेवायच्या कपाटात ठेवत असे. आठवडाभर पुरायचे ते मधेच संपायला लागले. सोफ्याखालून, फ्रिजमागून किरकिर ऐकू यायला लागली. मला एकच माणूस दिसत होता. मी ऑफिसात, बायको लॅबमध्ये, मुलगी समर कॅम्पला. दिवसभर घरात एकटे कोण, तर चातुर्मास पाळणारे सासरे. ते किडे मोकळे सोडत असणार. त्यांच्या मते पुण्याचं काम, आणि माझ्या मते त्या जुन्या चौकशीचाच पुढचा भाग: या माणसाचं घर कसं चालतं ते बघू, आणि मोडता येतं का ते बघू.

आज हे लिहिताना लाज वाटते, पण मी खोक्याच्या झाकणाला चिकटपट्टी लावली, आणि तिचं टोक असं दुमडलं की कुणी उघडलं तर मला कळावं. संध्याकाळी पट्टी जागेवर होती आणि किडे कमी होते. तरी माझा संशय गेला नाही. उलट वाढला. पट्टी जशीच्या तशी लावण्याइतका हा माणूस हुशार आहे, असं मी ठरवलं.

"तुम्ही ते खोकं उघडता का?" मी एकदा सरळ विचारलं.

"नाही," ते म्हणाले.

एवढंच. 'कसलं खोकं' नाही, 'का विचारता' नाही. खोटं बोलणारा माणूस इतकं थोडक्यात बोलतो, असं मला वाटलं.

एका सकाळी मी लवकर उठलो तर ते पूजा आटोपून हॉलमध्ये उभे होते. ओले हात, त्यातली एक मूठ मिटलेली. मला पाहून गॅलरीच्या दाराकडे, म्हणजे पिंजऱ्याच्या दिशेनं, दोन पावलं गेले आणि थांबले.

"काय आहे हातात?"

"काही नाही. तुम्ही चहा घ्या."

मी आत गेलो. बायकोला म्हणालो, "तुझे बाबा किडे बाहेर सोडतात. मी आज पाहिलं." मुलगी तिथेच सीरियल खात बसली होती. तिनं चमचा थांबवला. "आजोबा इज लेटिंग देम गो? बट ही विल स्टार्व!"

"बाबा असं करणार नाहीत," बायको म्हणाली.

"विचार मग."

तिनं विचारलं नाही. पण मुलगी त्या दिवसापासून आजोबा पिंजऱ्याजवळ गेले की उठून मध्ये उभी राहायला लागली. एकदा "डोन्ट टच, आजोबा" म्हणाली. ते हसले. मुलं बोलतात तसं ती बोलली असं त्यांनी धरलं असावं. ते वाक्य तिच्या तोंडी मी घातलं होतं.

गणपतीत आमच्याकडे भजन ठरलं. तेव्हा आमच्या भागातल्या मराठी घरांतून असं आळीपाळीनं चाले. फर्निचर भिंतीला सरकवायचं, गालिच्यावर चादरी अंथरायच्या, लोक अनवाणी येऊन मांडी घालून बसायचे, टाळ एका पिशवीतून यायचे. मी त्या मंडळात नवा होतो. मला ते घर नीट दिसायला हवं होतं. आणि आदल्या दिवशी सोफा सरकवला तर मागून दोन रातकिडे उड्या मारत बाहेर आले. मला डोळ्यांपुढे दिसायला लागलं, आरती चालू आहे आणि कुणा काकूंच्या पदरावर रातकिडा. 'अय्या, यांच्याकडे झुरळं आहेत वाटतं.' ते झुरळ नव्हे, सरड्याचं खाद्य आहे, हे मी कुणाकुणाला समजावणार होतो? आणि ते सांगणं तर आणखी वाईट होतं.

शुक्रवारी संध्याकाळी तिघंही बायकोच्या गाडीनं फुलं आणि पेढे आणायला आयसेलिनच्या भारतीय दुकानांत गेले. मी घरी थांबलो, जागा लावायची आहे म्हणून. ते गेल्यावर मी स्प्रेचा डबा काढला. तो मी आधीच आणून माझ्या गाडीच्या डिकीत ठेवला होता, म्हणजे हे त्या क्षणी सुचलं असंही मला म्हणता येत नाही. पिंजऱ्यावर जाड चादर टाकली, गॅलरीचं दार उघडलं, आणि भिंतीच्या कडेनं, सोफ्याखाली, फ्रिजमागे, कपाटाच्या तळाशी, सगळीकडे फवारलं. विद्यार्थ्याचं बोलणं मला आठवत होतं. चादर टाकली आहे, असं मी स्वतःला सांगितलं. पिंजऱ्यातले किडे वेगळे, बाहेरचे वेगळे, असंही सांगितलं. मग डबा डिकीत लपवला, चादर काढली, आणि वास जावा म्हणून उदबत्त्यांचा जुडगा लावला.

"आज तुम्ही उदबत्ती लावलीत?" बायको दारातच म्हणाली. वडील मागे होते, म्हणून अहोजाहो.

सासरे चपला काढता काढता थांबले. "वास कसला येतोय?"

"उदबत्तीचा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पेढ्यांचा पुडा आत नेला.

भजन छान झालं. सगळ्यांनी पिंजऱ्याचं कौतुक केलं, "स्वतः केलात?" म्हणून विचारलं. शेवटच्या आरतीच्या आधी मला चादरीच्या कडेला एक रातकिडा दिसला. उडी मारत नव्हता, ओढत चालला होता. मी उठणार तेवढ्यात सासऱ्यांनी खिशातून रुमाल काढला, हलक्या हातानं त्यात तो घेतला आणि लोकांमधून वाट काढत गॅलरीच्या दाराकडे गेले. मी मनात म्हटलं, घ्या, आता तर चारचौघांदेखत सोडतायत. मी टाळ वाजवत राहिलो. उठून पाच-सहा पावलं गेलो असतो तर ते कुठे सोडतायत हे मला दिसलं असतं.

रविवारी सरडा दिवसभर एकाच फांदीवर होता. रंग गडद झाला होता, जवळजवळ काळा. सोमवारी मी ऑफिसातून आलो तर तो पिंजऱ्याच्या तळाशी आडवा पडला होता, तोंड उघडं, पाय काहीतरी धरायला पाहत असल्यासारखे हलत. मुलगी पिंजऱ्याला कवटाळून रडत होती. माझे बूट काढून होईपर्यंत त्याचं हलणं थांबलं.

बायकोनं टेक्ससला फोन लावला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर होता. ती माझ्या शेजारी उभी, मुलगी तिला बिलगून. सासरे हॉलमध्ये सोफ्यावर.

विद्यार्थ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दादा, घरात स्प्रे मारला होता का?"

"नाही," मी म्हणालो.

"नक्की?"

"नाही म्हटलं ना."

"मग बाहेरचा किडा खाल्ला असेल त्यानं. लॉनवर औषध मारतात. कुणी बाहेरचे किडे पकडून दिले का?"

मला नुसतं "नाही" म्हणता आलं असतं. पण मला तो विषय माझ्यावरून हलायला हवा होता. मी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बाहेरचे किडे कुणी दिले होते का, विचारतोय."

सासरे उठून दारात आले. "मी दिले," ते म्हणाले. "बाहेरचे नव्हेत, घरातलेच. ते खोक्याचा मागचा कोपरा कुरतडून बाहेर येत होते. मी सकाळी सापडतील तेवढे उचलून त्याच्या पिंजऱ्यात सोडत होतो. तुम्ही इतक्या खटपटीनं आणता ते, वाया कशाला घालवायचे?"

मला एका क्षणात सगळं कळलं. ती मिटलेली मूठ, तो रुमाल. जीव मारणार नाही म्हणणारा माणूस माझ्या मुलीच्या सरड्याला उपाशी राहू देत नव्हता, आणि त्यासाठी आपलं व्रत त्यानं बाजूला ठेवलं होतं. आणि त्या रुमालातल्या किड्याला विष मी लावलं होतं.

"दादा?" फोनमधून आवाज आला.

"बाबांनी खाली पडलेले किडे दिले," मी फोनमध्ये सांगितलं. "तेच असणार."

मुलीनं मान वर केली. "यू फेड हिम फ्रॉम द फ्लोअर? यू किल्ड हिम!"

"अगं, असं बोलू नये," बायको म्हणाली, पण तिचा आवाज वडिलांवर चिडल्यासारखाच होता. "बाबा, एकदा विचारायचं तरी."

"हो. चुकलं," सासरे म्हणाले. मग नातीकडे वळून, शब्द जुळवत, "आय ॲम सॉरी, बेटा. माय मिस्टेक."

मी रिसीव्हर जागेवर ठेवला. नंतर कपाटातलं खोकं काढून पाहिलं. मागचा खालचा कोपरा कुरतडलेला होता. झाकणाची माझी चिकटपट्टी जशीच्या तशी.

पार्किंगच्या पलीकडच्या झाडांत आम्ही सरडा पुरला. मुलगी म्हणाली, आजोबा नकोत. ते गॅलरीत उभे राहिले. मी माती ओढताना एकदा वर पाहिलं, तर ते माझ्याकडे बघत होते, नातीकडे नव्हे.

यावर मी अनेक वर्षं विचार केला आहे. त्यांना कळलं होतं का? शुक्रवारचा वास त्यांच्या नाकात होता. स्प्रे मारला का, हा प्रश्न त्यांना ऐकू गेला नसेल, पण माझं दोनदा म्हटलेलं "नाही" नक्कीच ऐकू गेलं. त्यांनी विचारलं असतं, 'मग परवा वास कसला होता?' तर मी तिथेच संपलो असतो. त्यांनी विचारलं नाही. नातीसमोर तिच्या बापाला खोटं पाडायचं नाही म्हणून गप्प बसले, की खरंच स्वतःला दोषी समजत होते? संशय घेण्यात मी एवढा तयार, पण याचा छडा मला लागला नाही. आणि विचारायची हिंमत झाली नाही, कारण विचारणं म्हणजेच कबूल करणं होतं.

त्याच दिवसापासून त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं. बायकोनं विचारलं तर म्हणाले, "चातुर्मास आहे." डिसेंबरपर्यंत राहायचे होते, ते दसऱ्याआधीच परत गेले. थंडी सोसत नाही असं कारण सांगितलं. थंडी अजून पडायची होती. विमानतळावर नातीच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं डोकं काढून घेतलं नाही, पण आईचा हात धरून उभी राहिली. मला म्हणाले, "जावईबापू, तिला दुसरं काहीतरी आणून द्या. पिंजरा छान केलात तुम्ही."

आम्ही दुसरं काही आणलं नाही. पिंजरा मी मोडून टाकला.

भारतातून फोन आला की बायको मुलीला बोलावी, "आजोबांशी बोल." ती "हॅलो, आजोबा, आय ॲम फाइन" म्हणे आणि रिसीव्हर परत देई. तीन-चार वर्षांनी ते गेले. मेहुण्याचा फोन आला तेव्हा बोलता बोलता तो म्हणाला, अमेरिकेहून आल्यापासून बाबा रात्री जेवतच नव्हते, कितीही सांगितलं तरी. काय झालं होतं तिकडे, असं त्यानं विचारलं. बायकोनं सरड्याचं सांगितलं. मी शेजारच्या खोलीत होतो आणि तिथेच राहिलो. चातुर्मास संपल्यावरही त्यांनी ते चालू ठेवलं होतं. एका जीवाचं प्रायश्चित्त म्हणून, जो त्यांनी मारलेला नव्हता.

मुलगी आता ओहायोत डब्लिनला नोकरी करते. गेल्या हिवाळ्यात आम्ही तिच्याकडे गेलो होतो. तिचे मित्रमैत्रिणी जेवायला आले, लहानपणच्या पाळीव प्राण्यांचा विषय निघाला, आणि तिनं हा किस्सा सांगितला. रंगवून, आजोबांच्या इंग्रजीची नक्कल करत. "माय मिस्टेक." सगळे हसले. तिला आता राग नाही, तिच्यासाठी ती गंमत झाली आहे. मीही हसलो. हसताना माझं बायकोकडे लक्ष गेलं. ती ताटं गोळा करत होती. नंतर खोलीत आल्यावर म्हणाली, "बाबांना ते फार लागलं होतं रे." मी म्हणालो, "हो," आणि चष्मा काढून ठेवला.

ते 'हो' मला पचलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

छापायला देण्याआधी मी हे बायकोच्या हातात ठेवणार आहे. तिला काय वाटेल याची भीती आहे, पण ती निदान वाचेल. मुलीला मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. तेव्हा इथे कितीही खरं लिहिलं तरी ते तिच्यापर्यंत पोचत नाही, आणि मी मराठीत लिहायला बसलो त्यात हा हिशेबही असेल, असा माझा स्वतःवर संशय आहे. तिला समोर बसवून, तिला समजेल त्या भाषेत सांगायला हवं की आजोबा तुझ्या सरड्याला भरवत होते, विष मी मारलं होतं, आणि फोनवर तुझ्यासमोर मी खोटं बोललो. एवढं मी तिचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.